अनाथांचा कारभारी : जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र

गावोगावच्या मंडळ्यांतून अनाथाश्रमासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या उपदेशक बंधूंना दोन प्रश्न वारंवार ऐकावे लागतात. पहिला प्रश्न असा की, आमच्यासारख्या गरिबांच्या चार पैशांनी त्या पोरक्या मुलांचे काय होणार? दुसरा, ते चार पैसे खरोखर त्या मुलांच्या मुखी पडतात हे कशावरून समजावे? हे प्रश्न विचारणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. ज्याने दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून मजुरी मिळवली, त्याला आपल्या दानाची वाट कोठे जाते हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. या दोन्ही प्रश्नांस ज्याच्या आयुष्याने उत्तर मिळते, असा एक पुरुष इंग्लंड देशातील ब्रिस्टल शहरी होऊन गेला. त्याचे नाव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. परंतु तो आरंभी कसा होता हे थोड्यांनाच ठाऊक असेल, म्हणून तेथूनच सांगतो.

जॉर्ज म्यूलर जन्माने इंग्रज नव्हे, जर्मन. प्रशिया देशातील क्रोपेनष्टेट या गावी २७ सप्टेंबर १८०५ रोजी त्याचा जन्म झाला. बाप सरकारी जकातीचा वसूलदार होता, त्यामुळे घरात सरकारी पैसा असे. मुलाला दहा वर्षे पुरी होण्यापूर्वीच त्या पैशास हात लावण्याची सवय लागली. रक्कम पुनःपुन्हा कमी भरू लागली तेव्हा बापाने युक्ती केली. पैसे मोजून मुलाच्या खोलीत ठेवले, आपण थोडा वेळ बाहेर गेला, आणि परत येऊन मोजले तो काही नाणी कमी. मुलाची झडती घेतली, तेव्हा ती त्याच्या जोड्यात, पायाखाली लपवलेली सापडली. मार बसला, पण पुढील चोरी अधिक हुशारीने कशी करावी, एवढाच बोध त्या मुलाने घेतला.

तो चौदा वर्षांचा असताना त्याची आई वारली. ज्या रात्री ती मरणशय्येवर पडली होती, त्या रात्री दोन वाजेपर्यंत तो पत्ते खेळत होता, आणि दुसरे दिवशी सोबत्यांबरोबर दारूच्या गुत्त्यात गेला. मंडळीत त्याच्या दृढीकरणाचा विधी झाला, त्या वेळी पाळकास देण्यासाठी बापाने दक्षिणा दिली होती. तिचा बारावा हिस्सा पाळकाच्या हाती ठेवून बाकीची त्याने स्वतः गिळली. पुढे खाणावळीत राहून पैसे न देता निसटण्याचा धंदा आरंभला, तो अंगाशी आला. १८२१ च्या डिसेंबरात वोल्फेनब्यूटेल गावी तो तुरुंगात पडला. चोर व दरोडेखोर यांच्या संगतीत सुमारे चार आठवडे काढले, आणि बापाने देणे चुकते केले तेव्हा सुटला. त्या वेळी त्याचे वय सोळा वर्षांचे होते. आणि हा मुलगा शिकत होता कशासाठी? तर पाळक होण्यासाठी! त्या काळी त्या देशात पाळकाची नोकरी पोटापाण्यास बरी समजत असत.

हाले येथील विश्वविद्यालयात तो धर्मशास्त्राचा विद्यार्थी म्हणून दाखल झाला. त्याच्यापाशी पुस्तके पुष्कळ होती. मात्र त्यांत पवित्र शास्त्राची प्रत नव्हती. १८२५ च्या नोव्हेंबर महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी एका मित्राबरोबर तो एका साध्या दुकानदाराच्या घरी प्रार्थनेस गेला. दीक्षित पाळकाखेरीज कोणी उपदेश करू नये असा त्या देशाचा कायदा असल्यामुळे तेथे शास्त्रातील एक अध्याय व एक छापील उपदेश वाचण्यात आला, गीते गायिली, आणि एका बंधूने गुडघे टेकून प्रार्थना केली. गुडघे टेकून प्रार्थना करणारा मनुष्य म्यूलरने तोपर्यंत पाहिलाच नव्हता! एवढा शिकलेला असून या अशिक्षित माणसासारखी प्रार्थना आपल्याला करता येत नाही, हे त्याच्या मनास लागले. तेथून त्याचे आयुष्य फिरले. आम्ही हे विशेषेकरून त्या बंधूंसाठी लिहितो, जे आपल्या ओसरीवर सातआठ माणसे जमवून उपासना चालवतात व एवढ्या थोड्यांनी काय होणार म्हणून कष्टी होतात.

मिशनरी होण्याचा विचार त्यांनी बापास कळवला तेव्हा बाप रागावला. मुलगा चांगल्या पगाराचा पाळक होईल व म्हातारपणी आपल्याला त्याच्या घरी सुखाने राहता येईल, या आशेने त्याने शिक्षणाचा खर्च केला होता. तेव्हा यापुढे त्याच्याकडून एक पैही न घेण्याचा म्यूलर यांनी निश्चय केला आणि हालेत आलेल्या अमेरिकन प्रोफेसरांस जर्मन शिकवून आपला निर्वाह केला. याच गावी त्यांना काही काळ फुकट राहण्यास जागा मिळाली, ती एका मोठ्या अनाथाश्रमात. ऑगस्ट हेर्मान फ्रांके नावाच्या सत्पुरुषाने तो आश्रम सतराव्या शतकाच्या अखेरीस स्थापला होता. आमच्या देशाशीही त्याचा संबंध आहे. १७०६ साली तरंगमबाडीस उतरून हिंदुस्थानात प्रॉटेस्टंट मिशनचा पाया घालणारे झीगेनबाल्ग हे याच हाले गावी फ्रांके यांच्या हाताखाली शिकले होते. त्या आश्रमाच्या भिंतींकडे म्यूलर यांनी त्या वेळी विशेष लक्ष दिले नसावे. त्यांचा उपयोग दहा वर्षांनी झाला.

१८२९ साली ते इंग्लंडात आले व समुद्रकाठच्या टिनमथ गावी एका लहान मंडळीचे पाळक झाले. १८३० च्या ऑक्टोबरात मेरी ग्रोव्ह्ज या बाईंशी त्यांचा विवाह झाला. या बाईंचे बंधू अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज यांनी दातांच्या वैद्यकीचा भरभराटीचा धंदा सोडून प्रथम बगदादेस व पुढे हिंदुस्थानात सुवार्तेचे काम केले. विवाहानंतर थोड्याच दिवसांत म्यूलर यांनी आपला ठरलेला पगार सोडून दिला. त्याचे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. पाळकाचा पगार देवळातील बाकांच्या भाड्यातून निघत असे. ज्याचे भाडे जास्त त्याला चांगली जागा, गरिबाला मागची. ही रीत शास्त्रास सोडून आहे असे त्यांस वाटले. देवळात एक पेटी ठेवली. ज्याला जे द्यावेसे वाटेल त्याने ते तीत टाकावे. आपली गरज कोणाही माणसास सांगायची नाही, फक्त देवास सांगायची, आणि कर्ज काढायचे नाही, हा नियम त्या पतिपत्नींनी तेव्हा केला व अखेरपर्यंत पाळला.

१८३२ साली आपले मित्र हेन्री क्रेक यांच्यासह ते ब्रिस्टल येथे आले. हे इंग्लंडच्या पश्चिमेकडील मोठे बंदर होय. ते आले त्याच उन्हाळ्यात तेथे पटकीची साथ सुरू झाली. पटकी घरात शिरली म्हणजे मागे काय उरते हे आमच्या वाचकांच्या आजापणज्यांनी पाहिले आहे. त्या काळच्या इंग्लंडात आईबापांवाचून उरलेल्या गरिबाच्या मुलाला बहुधा कंगालखान्याखेरीज दुसरा आसरा नसे. तेथे म्हातारे, वेडे, आजारी यांच्याबरोबरच मुलांनाही कोंबत असत. चार्ल्स डिकन्स यांनी आपल्या ऑलिव्हर ट्विस्ट या कादंबरीत ज्या कंगालखान्याचे चित्र काढले तो हाच, आणि ती कादंबरी १८३७ साली प्रसिद्ध होऊ लागली. अनाथांसाठी काही खासगी आश्रम होते, परंतु पुष्कळ ठिकाणी वर्गणीदारांची मते मिळवून मुलाला प्रवेश घ्यावा लागे. ज्याच्यासाठी दारोदार फिरून मते मागणारे कोणी आहे, त्याला जागा मिळायची. ज्याचे कोणीच नाही, तो बाहेर. म्यूलर यांनी चालवलेल्या शाळेत येणारा एक लहानसा पोरका मुलगा एके दिवशी शहराबाहेरच्या कंगालखान्यात नेण्यात आला. आता आपल्याला शाळेत येता येणार नाही म्हणून त्याला फार दुःख झाले, ही बातमी म्यूलर यांच्या कानी आली व ती त्यांच्या मनातून गेली नाही.

१८३५ च्या जूनमध्ये त्यांचा स्वतःचा लहान मुलगा वारला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एका बाईंच्या घरी चहास गेले असता फ्रांके यांचे चरित्र त्यांच्या दृष्टीस पडले, आणि हालेच्या त्या भिंती त्यांस आठवल्या. ९ डिसेंबर रोजी सभा भरवून अनाथगृह काढण्याचा विचार त्यांनी लोकांपुढे ठेवला. त्या सभेत मुद्दामच वर्गणी गोळा केली नाही. त्यांनी देवाजवळ १,००० पौंड, एक घर व योग्य कामकरी मागितले होते.

आणि आले काय? पहिल्या देणग्या एकेक शिलिंगाच्या होत्या. वीस शिलिंगांचा एक पौंड होतो, म्हणजे हजार पौंडांस वीस हजार शिलिंग लागणार! मग वस्तू येऊ लागल्या. एके दिवशी आलेल्या वस्तूंची यादी त्यांनी टिपून ठेवली आहे, तीत २८ ताटल्या, ३ वाडगे, १ जग, ४ पेले, ४ सुऱ्या व ५ काटे यांचा उल्लेख आहे. कोणी कापड दिले, कोणी आपले श्रम देऊ केले. या सर्वांत एका देणगीने त्यांस कोड्यात टाकले. शिवणकाम करून आठवड्याला तीनचार शिलिंग मिळवणारी, प्रकृतीने दुबळी अशी एक बाई होती. तिने १०० पौंड आणून दिले. म्यूलर यांनी ती रक्कम आनंदाने लगेच पेटीत टाकली असेल असे कोणास वाटेल. तसे झाले नाही. त्यांनी तिला बोलावून घेऊन नीट चौकशी केली. तिच्या बापाच्या मृत्यूनंतर तिच्या वाट्याला सुमारे ४८० पौंड आले होते. बापाची कर्जे भावंडांनी तडजोडीने थोडी देऊन मिटवली होती. हिने उरलेली रक्कम सावकारांस भरली, आईस १०० पौंड दिले, आणि मग अनाथांचा विचार केला. हे घाईचे दान नाही, हिशेब करून केलेले आहे, अशी खात्री झाल्यावरच म्यूलर यांनी ते घेतले. ती बाई पुढेही सुईदोऱ्यावरच पोट भरत राहिली. काही वर्षांनी ती वारली, तेव्हा त्या वारशातले तिच्यापाशी काही शिल्लक नव्हते. हजार पौंडांची भरती १५ जून १८३७ रोजी झाली.

एक मौजेची गोष्ट सांगावयाची राहिली. १८३६ च्या फेब्रुवारीत मुलांचे अर्ज घेण्याचा दिवस ठरला होता. घर भाड्याने घेतले, भांडी आली, कामकरी आले. त्या दिवशी म्यूलर वाट पाहत बसले, पण एकही अर्ज आला नाही! घरी परत येताना त्यांच्या ध्यानात आले की, आपण पैशांसाठी प्रार्थना केली, घरासाठी केली, माणसांसाठी केली, परंतु मुले पाठव अशी प्रार्थना कधी केलीच नाही. पोरकी मुले काय, वाटेल तितकी मिळतील असे गृहीत धरले. त्या संध्याकाळी ते पुष्कळ वेळ गुडघ्यांवर होते. दुसरे दिवशी पहिला अर्ज आला. ११ एप्रिल १८३६ रोजी विल्सन स्ट्रीटवरील घरात मुलींचा प्रवेश सुरू झाला. तीस मुलींची तेथे सोय होती. मग दुसरे घर तान्ह्या मुलांसाठी, तिसरे मुलग्यांसाठी व १८४४ साली चौथे, अशी एकाच रस्त्यावर चार घरे झाली.

प्रवेशासाठी मते नकोत, वशिला नको, पैसा नको, पंथ कोणता हे पाहायचे नाही. आईबाप दोघेही मेलेले असावेत व मूल निराधार असावे, एवढेच. मात्र मूल विवाहित जोडप्याचे असावे अशीही एक अट होती. आम्हांस ही अट कठोर वाटते. ज्या लेकराला जगाने आधीच दूर लोटले, त्याचा त्यात काय दोष? त्या काळच्या समजुतीचा तो पगडा होता. म्यूलर यांच्याबद्दल कितीही आदर असला तरी ही अट आम्ही झाकून ठेवीत नाही.

१८३८ पासून पुढील आठ वर्षे अत्यंत कठीण गेली. शंभराहून अधिक तोंडे, आणि पुष्कळ दिवशी सकाळी हाती एक पैसाही नाही. अशा वेळी म्यूलर कामकऱ्यांना एकत्र बोलावीत व खरी स्थिती सांगत. बाहेरच्या कोणास कळवायचे नाही एवढी ताकीद असे. कामकरी स्वतःपाशी असलेले काही शिलिंग काढून देत, कोणी आपली पुस्तके विकत, आणि मुलांच्या पानात नेहमीप्रमाणे अन्न पडे. मुलांना याची दाद नसे. १८३८ च्या सप्टेंबरातील एका दिवशी सर्व उपाय खुंटले असता लंडनहून आलेल्या एका बाईने तीन पौंडांहून थोडी अधिक रक्कम आणून दिली. ती रक्कम तिच्या मुलीने अनाथांसाठी दिली होती. ती बाई अनाथगृहाच्या शेजारच्याच घरी काही दिवस उतरली होती आणि पैसे तितके दिवस तिच्यापाशी पडून होते! म्यूलर यांनी यात देवाची योजना पाहिली व त्याचे आभार मानले. आम्हीही ते मानतो. तथापि अनाथांसाठी दिलेला पैसा पोहोचवण्यास ज्यांच्याकडून उशीर होतो, त्यांनी ही गोष्ट दोनदा वाचावी.

काही टीकाकारांनी म्हटले की, म्यूलर मागत नाहीत खरे, परंतु दरवर्षी अहवाल छापून गरज जाहीर करतात, मग मागणे आणखी ते कोणते? या आक्षेपात अगदीच तथ्य नाही असे नाही. पण १८४१ च्या अखेरीस अहवालाची वेळ आली तेव्हा तंगी फार होती. त्या वेळी अहवाल वाचला असता तर लोकांस दया येऊन पैसा मिळाला असता. नेमक्या त्याच कारणास्तव म्यूलर यांनी अहवाल व सभा काही महिने पुढे ढकलली. अहवालात प्रत्येक देणगी, मग ती काही पेन्सची का असेना, तारखेसह छापली जाई. देणाऱ्याचे नाव मात्र छापत नसत. पुढे देणगी फार वाढली तेव्हा पावतीवर आकडा घालू लागले, म्हणजे ज्याने दिले त्याने त्या आकड्याने आपला पैसा छापील हिशेबात शोधून काढावा. बापाचे पैसे जोड्यात लपवणाऱ्या हातांनी हे चालवले होते.

गरज माणसांस कळवूच नये, हा नियम प्रत्येक आश्रमाने पाळलाच पाहिजे असे आमचे म्हणणे नाही. लंडनच्या डॉक्टर बर्नार्डो यांनी उघडपणे मागितले व हजारो मुले वाचवली. कर्ज न काढणे व हिशेब उघडा ठेवणे या दोन गोष्टी मात्र मागणाऱ्यालाही तितक्याच लागू आहेत.

१८४५ च्या ऑक्टोबरात विल्सन स्ट्रीटवरील एका शेजाऱ्याने सभ्य भाषेत पत्र लिहून गाऱ्हाणे केले की, मुलांच्या गोंगाटाने व गर्दीने रहिवाशांस त्रास होतो. म्यूलर यांनी राग मानला नाही. कागदावर दोन्ही बाजू मांडल्या आणि शेजाऱ्यांचे म्हणणे रास्त ठरवले. मुलांना खेळण्यास जागा नाही, मोऱ्या तुंबतात, भाजीपाला लावण्यास जमीन नाही, हेही त्यांच्या ध्यानात आले. शहराबाहेर स्वतःची इमारत बांधण्याचा विचार ठरला. डिसेंबरच्या १० तारखेस एकाच देणगीदाराकडून १,००० पौंड आले. पुढे फेब्रुवारीत अ‍ॅश्ली डाउन नावाच्या टेकडीवरची जमीन त्यांनी पाहिली. मालकाची किंमत एकरी २०० पौंड होती. म्यूलर त्याला भेटण्यास गेले तो घरी नव्हता, दुकानावरही नव्हता. दुसरे दिवशी भेट झाली तेव्हा मालकाने सांगितले की, आपल्याला पहाटे तीन वाजता जाग आली, पाचपर्यंत डोळा लागला नाही, व सारा वेळ त्या जमिनीचाच विचार मनात घोळत राहिला. अनाथांसाठी हवी असेल तर एकरी १२० पौंडांस देतो. सुमारे सात एकर जमीन घेण्यात आली. खर्चाची बहुतेक रक्कम हाती येईपर्यंत पायाची कुदळ मारली नाही, त्यात दीड वर्ष गेले. १८ जून १८४९ रोजी ३०० मुलांचे पहिले गृह उघडले. दुसरे १८५७ साली, तिसरे १८६२, चौथे १८६८ आणि पाचवे ६ जानेवारी १८७० रोजी उघडून एकंदर २,०५० मुलांची सोय झाली.

त्या थोर कामातील एक लहान प्रसंग आम्हांस विशेष प्रिय आहे. १८५७ च्या हिवाळ्याच्या तोंडी पहिल्या गृहातील पाणी तापवण्याचा मोठा बंब गळू लागला. त्याच्या नळांतून फिरणाऱ्या ऊन पाण्यानेच सारे घर उबदार राहत असे. बंब विटांच्या बांधकामात बसवलेला. गळती शोधायची तर विटा फोडाव्या लागणार, आणि तोपर्यंत विस्तव विझलेला. घरात तीनशे मुले, त्यांत पुष्कळ अगदी लहान. दुरुस्तीचा दिवस ठरला आणि झोंबणारा उत्तरेचा वारा सुटला. म्यूलर यांनी दोन गोष्टी मागितल्या : वारा दक्षिणेचा व्हावा, आणि नहेम्याच्या काळी कोट बांधणाऱ्यांस होते तसे या कामगारांस काम करण्याचे मन व्हावे. विस्तव विझवण्याच्या दिवशी दक्षिणेचा वारा वाहू लागला व हवा इतकी सौम्य झाली की विस्तवाची गरज राहिली नाही. संध्याकाळी मुकादम म्हणाला, माणसे उशिरापर्यंत काम करतील व सकाळी लवकर येतील. त्यावर माणसे आपण होऊन रात्रभर काम करण्यास तयार झाली. सुमारे तीस तासांत बंब पुन्हा पेटला. वाऱ्याबद्दल कोणी काहीही म्हणो, रात्रभर जागून काम करणाऱ्या त्या मजुरांचेही अनाथांच्या आश्रयदात्यांत नाव असले पाहिजे. त्यांनी पेटीत पैसा टाकला नाही, झोप टाकली.

मुलगे चौदा वर्षांचे झाले म्हणजे त्यांस धंदा शिकण्यास चांगल्या कारागिरापाशी ठेवीत. त्याची फी व मुलाचे कपडे आश्रमच देई. मुलींस घरकाम शिकवून सतराअठराव्या वर्षी चांगल्या घरी कामास पाठवीत. कापडाची खरेदी, अंथरुणे, आणि आश्रमांच्या खर्चाच्या वह्या मेरीबाई स्वतः तपासत. शेकडो बिले त्यांच्या नजरेखालून जात. पाचवे गृह उघडल्यावर बरोबर एका महिन्याने, ६ फेब्रुवारी १८७० रोजी त्या वारल्या. एकोणचाळीस वर्षांचा संसार तो. त्यांच्या अंत्यविधीचा उपदेश म्यूलर यांनी स्वतः केला.

पुढे काळाबरोबर अनाथांच्या संगोपनाची रीतही बदलली. हजारो मुले एका छपराखाली ठेवण्यापेक्षा लहान घरांत, कुटुंबासारखी ठेवणे बरे, हे अनुभवाने कळले. १९५८ साली टेकडीवरच्या त्या मोठ्या इमारती विकण्यात आल्या व मुलांची सोय लहान घरांत झाली.

दुसऱ्या विवाहानंतर, वयाच्या सत्तराव्या वर्षी म्यूलर उपदेशाच्या दौऱ्यांवर निघाले व सतरा वर्षे पृथ्वीवर फिरले. आश्रमांचे काम जावई जेम्स राइट पाहत. हिंदुस्थानात ते दोनदा आले. १८९० च्या जानेवारीत ते जबलपुरास असताना त्यांची एकुलती एक मुलगी लिडिया ब्रिस्टल येथे वारल्याची बातमी त्यांस मिळाली. चौऱ्याऐंशी वर्षांचा तो म्हातारा परमुलखात होता, आणि हजारो पोरक्यांचा बाप असून आपल्या मुलीला मूठमाती देण्यास जवळ नव्हता.

आमच्या महाराष्ट्रात त्यांचे पुस्तक त्यांच्याही पुढे गेले. ज्या छापील हिशेबांबद्दल वर सांगितले, ते व आपला अनुभव एकत्र करून त्यांनी जे वृत्तांत प्रसिद्ध केले, ते पंडिता रमाबाईंच्या वाचनात आले. त्या वेळी त्यांचे शारदासदन पुण्यास होते व अमेरिकेतील मंडळीच्या ठरलेल्या मदतीवर चालत होते. असा भरवसा हिंदुस्थानात ठेवता येईल काय, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. इतक्यात १८९६–९७ चा दुष्काळ पडला. बाईंनी तरुणपणी स्वतः उपासमार भोगली होती. आईबाप व बहीण दुष्काळात गमावली होती. मध्यप्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली व स्त्रिया आणल्या, तीनशेंना आश्रय देण्याचा निश्चय केला. आणि त्यांच्यासाठी ठरलेली मदत कोठलीच नव्हती. केडगावचे मुक्तिसदन यातूनच उभे राहिले. १९०० सालच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली, म्हणजे जवळजवळ अ‍ॅश्ली डाउनइतकी.

१८९८ च्या ९ मार्च रोजी, बुधवारी संध्याकाळी म्यूलर यांनी नेहमीप्रमाणे आश्रमातील प्रार्थनासभा चालवली. गुरुवारी सकाळी ते आपल्या खोलीत बिछान्याशेजारी जमिनीवर मृत आढळले. वय ब्याण्णव वर्षांचे होते. त्यांच्या हयातीत दहा हजारांवर अनाथ त्या घरांत वाढले होते. सोमवारी अंत्ययात्रा निघाली तेव्हा आश्रमातील मुले प्रेतामागून चालत होती व रस्त्यांच्या दुतर्फा शहर उभे होते.

मग त्यांच्या मालमत्तेची मोजदाद झाली. पुस्तके, सामान व रोकड मिळून सुमारे १६० पौंड निघाले. ज्यांच्या हातून चौदा लाखांच्या आसपास पौंड गेले, त्यांची ही शिल्लक! वर्षानुवर्षे छापील अहवालांत एका निनावी देणगीदाराच्या देणग्या दिसत असत. तो स्वतःस प्रभूचा एक सेवक एवढेच म्हणवी, व स्वर्गात संपत्ती साठवण्याची आपली इच्छा नमूद करी. तो कोण, हे वाचकांस कधी कळले नव्हते. मृत्यूनंतर वह्या उघडल्या तेव्हा कळले की, लोकांनी म्यूलर यांस त्यांच्या स्वतःच्या खर्चासाठी म्हणून जे दिले होते, त्यातून वाचवून त्यांनीच ते दिले होते. त्या देणग्यांची बेरीज सुमारे ८१,००० पौंड भरली.